ॲसिटॅनिलाइड: पहिल्यांदा करताना, पुढच्या पायरीसाठी तयार करताना

ॲनिलिनमध्ये ब्रोमीनचं पाणी टाकलं की लगेच पांढरा साका येतो. तो 2,4,6-ट्रायब्रोमोॲनिलिनचा. हवा होता एक ब्रोमीन, लागले तीन. नायट्रेशनमध्ये अडचण वेगळी. तीव्र आम्लात ॲनिलिन प्रोटॉन घेऊन ॲनिलिनियम आयन बनतं, आणि हा आयन नायट्रो गटाला मेटा जागी वळवतो (बेंझिनच्या रिंगवर अमिनो गटाच्या शेजारची जागा ऑर्थो, त्यापलीकडची मेटा, अगदी समोरची पॅरा). त्यामुळे पॅरा 51 टक्के, मेटा 47 टक्के आणि ऑर्थो 2 टक्के असं मिश्रण हाती येतं, शिवाय ऑक्सिडेशनमुळे तयार होणारं काळं डांबर वेगळंच. म्हणून आधी अमिनो गटावर ॲसिटिल गटाचं झाकण घालायचं, पॅरा जागी हवा तो गट बसवायचा, आणि शेवटी आम्लात उकळून झाकण काढायचं. झाकण घातलेलं हे संयुग म्हणजे ॲसिटॅनिलाइड.

आपल्याकडे बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये ते हमखास असतं, पण बहुतेक ठिकाणी "तयार केलं, वाळवलं, वजन लिहिलं" इथेच विषय संपतो. ॲसिटॅनिलाइड हे मुक्कामाचं ठिकाण नाही. ते पुढच्या अभिक्रियेत जाणार असतं, आणि त्यात राहिलेलं ॲनिलिन, पाणी किंवा आम्ल तिथे त्रास देतं. पुढची सगळी कृती हे डोळ्यासमोर ठेवून वाचा.

काय काय लागेल

ॲनिलिन 5 मि.लि., संहत हायड्रोक्लोरिक आम्ल 4.6 मि.लि., ॲसिटिक ॲनहायड्राइड 6 मि.लि., स्फटिकी सोडियम ॲसिटेट (तीन रेणू पाण्याचं) 8.3 ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर, थोडा ॲक्टिव्हेटेड चारकोल आणि भरपूर बर्फ. काचसामानात 250 मि.लि.चे दोन बीकर, एक कोनिकल फ्लास्क, बुखनर फनेल आणि सक्शन फ्लास्क, आखूड दांड्याचं साधं फनेल, काचकांडी, थर्मामीटर.

सोडियम ॲसिटेट निर्जल असेल तर 8.3 ग्रॅम घेऊ नका, 5 ग्रॅम पुरे. बाटलीवरचा रेणुभार बघा: 136 म्हणजे स्फटिकी, 82 म्हणजे निर्जल. नवख्यांची ही चूक फार वेळा होते.

बोअरवेलचं जड पाणी वापरू नका. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात टाकीचं पाणी सकाळीच कोमट असतं, तेव्हा नळाच्या पाण्यात फ्लास्क ठेवून "थंड झालं" असं समजू नका. बर्फ आधीच आणून ठेवा.

ॲसिटिक ॲनहायड्राइड भारतात एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्याखालच्या नियंत्रित पदार्थांमध्ये मोडतं. ते संस्थेमार्फतच येतं आणि त्याचा हिशेब ठेवावा लागतो. स्टोअरमधून जेवढं लागेल तेवढंच घ्या आणि रजिस्टरमध्ये नोंद करा.

आधी हिशेब

ॲनिलिनची घनता 1.02, म्हणजे 5 मि.लि. = 5.1 ग्रॅम. रेणुभार 93.13, म्हणजे 0.055 मोल. ॲनहायड्राइडची घनता 1.08, म्हणजे 6 मि.लि. = 6.5 ग्रॅम, रेणुभार 102.09, म्हणजे 0.063 मोल. हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण 0.055 मोल, म्हणजे ॲनिलिनला अगदी पुरेल इतकंच. सोडियम ॲसिटेट 0.061 मोल, म्हणजे ते सगळं आम्ल शोषून किंचित उरेल एवढं.

सर्वांत कमी मोल ॲनिलिनचे, म्हणून यील्डचा, म्हणजे किती उत्पादन मिळेल याचा, हिशेब त्याच्यावरून. ॲसिटॅनिलाइडचा रेणुभार 135.17, 0.0548 गुणिले 135.17 म्हणजे 7.4 ग्रॅम. हे झालं कागदावरचं शंभर टक्के. प्रत्यक्षात क्रूड, म्हणजे अजून शुद्ध न केलेलं उत्पादन, 6 ग्रॅमच्या आसपास मिळालं तर काम चांगलं झालं समजा.

सुरक्षेचं

ॲनिलिन कातडीतून शरीरात जातं. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटते. ओठ आणि नखं निळसर दिसणं ही त्याची खूण. नायट्राइलचे हातमोजे घाला, त्यावर थेंब उडाला तर पुसत बसू नका, हातमोजा लगेच बदला. हाताला लागलंच तर साबण आणि भरपूर पाणी, आणि सरांना किंवा मॅडमना ताबडतोब सांगा. ॲनहायड्राइडच्या वाफांनी डोळ्यांतून पाणी येतं आणि द्रव कातडी भाजतो. दोन्ही मोजणं फ्यूम हूडमध्येच, आणि चष्मा घालूनच.

कृती

1. बीकरमध्ये 125 मि.लि. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात 4.6 मि.लि. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. मग ढवळत 5 मि.लि. ॲनिलिन. सुरुवातीला तेलकट थेंब दिसतील, ते विरघळून द्रावण स्वच्छ झालं पाहिजे. थेंब राहिले तर आम्ल कमी पडलंय; एक-दोन थेंब वाढवा, पण सढळ हाताने नको.

2. द्रावणाला तपकिरी झाक असेल (आणि जुन्या बाटलीतलं ॲनिलिन असेल तर ती असणारच) तर चिमूटभर, 0.2 ते 0.3 ग्रॅम चारकोल घालून पाच मिनिटं ढवळा आणि गाळून घ्या. ॲनिलिन हवा आणि उजेडाने काळं पडतं. फारच काळं असेल तर चिमूटभर झिंक पूड घालून ऊर्ध्वपातन करावं. उत्कलनबिंदू 184 अंश, म्हणून पाण्याचा नव्हे, एअर कंडेन्सर लावायचा. एवढ्या गरम वाफेवर गार पाण्याचा कंडेन्सर तडकू शकतो.

3. दुसऱ्या बीकरमध्ये 8.3 ग्रॅम सोडियम ॲसिटेट 25 मि.लि. पाण्यात विरघळवून आधीच तयार ठेवा. हे का, ते पुढच्या पायरीत कळेल.

4. ॲनिलिनचं द्रावण 50 अंशांपर्यंत गरम करा. त्यात 6 मि.लि. ॲसिटिक ॲनहायड्राइड घाला, जोरात ढवळा, विरघळलं की लगेच सोडियम ॲसिटेटचं सगळं द्रावण एकदम ओता. ढवळत राहा.

5. बीकर बर्फात ठेवा आणि ढवळणं चालू ठेवा. पांढरे चकचकीत पापुद्रे दिसू लागतील. दहा-पंधरा मिनिटं बर्फातच राहू द्या.

6. बुखनर फनेलवर सक्शनने गाळा. बीकरला चिकटलेलं काढायला ताजं पाणी घेऊ नका, गाळलेलंच पाणी परत वापरा. मग बर्फाच्या पाण्याने दोनदा, दर वेळी 5 मि.लि., धुवा. उलट्या काचेच्या बुचाने केक दाबून पाणी काढा.

चौथी पायरी हा सगळ्या कृतीचा गाभा आहे, तिथे जरा थांबू. आम्लात ॲनिलिन ॲनिलिनियमच्या रूपात असतं, म्हणून ते पाण्यात विरघळतं. पण त्याच्या नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी प्रोटॉनने अडवलेली असते, त्यामुळे ॲनहायड्राइडवर हल्ला करायला ते मोकळं नसतं. ॲसिटेट आलं की ते प्रोटॉन काढून घेतं, ॲनिलिन सुटतं आणि शेजारी तयार असलेल्या ॲनहायड्राइडवर लगेच जातं. ॲनहायड्राइड पाण्याबरोबरही अभिक्रिया करतं, पण मोकळ्या ॲनिलिनपेक्षा हळू. म्हणून हे सगळं पाण्यात जमतं.

मात्र ॲनहायड्राइड घातल्यावर तुम्ही सोडियम ॲसिटेट शोधायला कपाटापाशी गेलात, तर त्या काही मिनिटांत त्याचा चांगला वाटा ॲसिटिक आम्ल होऊन जातो. मग यील्ड पडतं, आणि वर अभिक्रिया न झालेलं ॲनिलिन मिश्रणात राहतं. क्रम उलटाही करू नका, म्हणजे ॲसिटेट आधी आणि ॲनहायड्राइड नंतर. ॲसिटेटऐवजी सोडियम हायड्रॉक्साइड वापरण्याचा मोह टाळा. ते ॲनहायड्राइडच खाऊन टाकतं.

क्रूड कमी का आलं?

सहाव्या पायरीनंतरचं वाळलेलं वजन 4 ग्रॅमच्या खाली असेल तर कारण बहुधा तीनपैकी एक. ॲसिटेट घालायला उशीर झाला. ॲनहायड्राइडची बाटली जुनी, वारंवार उघडलेली, ओलसर हवा लागलेली. किंवा पाणी जास्त झालं.

तिसरं कारण लोक विसरतात. खोलीच्या तापमानाला 100 मि.लि. पाण्यात अर्धा ग्रॅम ॲसिटॅनिलाइड विरघळतं. आपल्या मिश्रणात पाणी दीडशे-एकशेसाठ मि.लि. आहे, म्हणजे 0.8 ग्रॅम तर गाळलेल्या पाण्यातच गेलं. धुण्यासाठी आणखी शंभर मि.लि. कोमट पाणी ओतलं की अजून अर्धा ग्रॅम. वर 5 मि.लि. बर्फाचं पाणी सांगितलंय ते याच्यासाठी.

रिक्रिस्टलायझेशन: तेल का सुटतं

रिक्रिस्टलायझेशन म्हणजे गरम द्रावकात विरघळवून, थंड करून शुद्ध स्फटिक परत मिळवणं. ॲसिटॅनिलाइड 100 अंशांना 100 मि.लि. पाण्यात साधारण 5.5 ग्रॅम विरघळतं, थंड पाण्यात अर्धा ग्रॅम. दहापट फरक. म्हणून पाणी हा त्याचा उत्तम द्रावक, स्वस्त आणि निरुपद्रवी. पण एक अडचण आहे, आणि ती माहीत नसेल तर पहिल्या खेपेला गोंधळ उडतोच.

कोरडं ॲसिटॅनिलाइड 114 अंशांना वितळतं. पाण्याच्या संपर्कात मात्र ते 83 अंशांनाच वितळून पाणी शोषलेलं तेल होतं. मिश्रणात ॲसिटॅनिलाइड साधारण 5 टक्क्यांहून जास्त असलं आणि तापमान 83 च्या वर गेलं की बीकरच्या तळाशी जड, पिवळसर थेंब लोळताना दिसतात. नवखा माणूस त्याला अशुद्धी समजतो आणि वरचं पाणी ओतून घेतो. ते थेंब म्हणजे तुमचं उत्पादन आहे. दुसरी चूक म्हणजे तसंच थंड करणं: तेल गोठून ढेकूळ होतं आणि सगळी घाण आत घेऊन बसतं. असं झालेलं ॲसिटॅनिलाइड दिसायला पांढरं असलं तरी मेल्टिंग पॉइंटला पकडलं जातं.

उपाय सोपा. थेंब दिसले की उकळतं पाणी थोडं थोडं, 5 मि.लि. च्या हिशेबाने घालत जा, प्रत्येक वेळी ढवळा आणि उकळी येऊ द्या. शेवटचा थेंब नाहीसा झाला की थांबा. 6 ग्रॅम कोरड्या क्रूडला 120 मि.लि. लागेल, वर गरम गाळण्यासाठी 15 ते 20 मि.लि. जास्त. हा अंदाज कोरड्या वजनावरून आहे. ओला केक 10 ग्रॅम भरला म्हणून 200 मि.लि. पाणी घेतलं तर थंड झाल्यावर एक ग्रॅम पाण्यातच राहील.

रंग असेल तर चारकोल, पण उकळत्या द्रावणात कधीच टाकू नका. त्याच्या बारीक पुडीवर एकदम वाफ धरते आणि द्रावण उसळून बाहेर येतं. बर्नर बाजूला घ्या, एक-दोन मिनिटं थांबा, चिमूटभर घाला, मग परत दोन-तीन मिनिटं उकळा. चारकोल जास्त झाला तर तो रंगाबरोबर ॲसिटॅनिलाइडही धरून ठेवतो.

गरम गाळणं ही नवख्यांना सगळ्यात त्रासदायक वाटणारी पायरी. फनेल थंड असलं की द्रावण दांड्यात येताच स्फटिक धरतात आणि सगळं अडकतं. फनेल आखूड दांड्याचं, उकळत्या पाण्याच्या वाफेवर किंवा ओव्हनमध्ये गरम केलेलं घ्या. फिल्टर पेपर घड्या घालून पंख्यासारखा करा, त्याने गाळणं वेगात होतं. खालच्या कोनिकल फ्लास्कमध्ये 5 मि.लि. पाणी उकळत ठेवलं तर त्याची वाफ दांडा गरम ठेवते. द्रावण एकदम ओतू नका. थोडं ओता, बाकीचं हॉटप्लेटवर उकळत राहू द्या. कागदावर स्फटिक धरलेच तर थोडं उकळतं पाणी.

गाळलेलं द्रावण झाकून, हात न लावता खोलीत थंड होऊ द्या. घाई करून थेट बर्फात ठेवलं तर बारीक पूड पडते आणि ती अशुद्ध पाणी धरून ठेवते. सावकाश थंड केलं तर मोठे, चमकणारे पत्रे येतात. खोलीच्या तापमानाला आल्यावर मग दहा मिनिटं बर्फात. काहीच पडत नसेल तर काचकांडीने फ्लास्कच्या आतल्या बाजूला घासा किंवा आधीच्या क्रूडचा एक कण टाका. तरी नाही पडलं तर पाणी फार झालंय, उकळून आटवा.

वाळवणं

गाळून, बर्फाच्या पाण्याने एकदा धुऊन, फिल्टर पेपरच्या घड्यांमध्ये दाबा. मग वॉच ग्लासवर पसरून हवेत, किंवा ओव्हनमध्ये 60 ते 70 अंशांना. ओव्हन 100 ला लावू नका: ओलं असताना ते 83 लाच वितळतं हे वर आलंच आहे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेत वाळायला दोन दिवसही लागतात. तिथे डेसिकेटर बरा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की वाळलं.

शुद्ध आहे का?

मेल्टिंग पॉइंट घ्या. केशनळीत 2 ते 3 मि.मी. इतकाच थर, घट्ट बसवलेला. 100 अंशांपर्यंत थोडं वेगाने, नंतर मिनिटाला एक-दोन अंश. 113 ते 115 मध्ये, एक-दीड अंशाच्या आत वितळलं तर उत्तम. ॲसिटॅनिलाइड थर्मामीटर तपासायलाही वापरतात ते याच कारणाने. 107 ला ओलसर होऊन 112 ला संपत असेल तर पाणी किंवा अशुद्धी आहे. आधी परत वाळवा, मग घ्या. नळीत 80-85 च्या आसपासच काही हललं तर ते नक्की ओलं आहे.

उरलेलं ॲनिलिन ओळखायला रंगाची चाचणी. चिमूटभर उत्पादन 2 मि.लि. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात हलवा, बर्फात थंड करा, थंड सोडियम नायट्राइटचे काही थेंब घाला आणि हे मिश्रण बीटा-नॅफ्थॉलच्या अल्कधर्मी द्रावणात ओता. नारिंगी-लाल रंग आला तर मोकळं ॲनिलिन आहे. ॲसिटॅनिलाइड स्वतः हा रंग देत नाही. पण आम्लात टाकल्यावर गरम केलं तर ॲसिटिल गट सुटतो, ॲनिलिन तयार होतं आणि शुद्ध नमुनाही रंग देतो. थंड म्हणजे थंडच ठेवा.

रिक्रिस्टलायझेशननंतर 5 ग्रॅम मिळालं तर यील्ड 5 भागिले 7.4, म्हणजे 68 टक्के. जर्नलमध्ये क्रूड आणि शुद्ध दोन्ही आकडे लिहा. फक्त क्रूडचा मोठा आकडा लिहिण्याची सवय वाईट, कारण पुढचा हिशेब शुद्ध वजनावरच होतो.

ॲनहायड्राइड नसेल तर

ॲनिलिन 5 मि.लि., ग्लेशियल ॲसिटिक आम्ल 15 मि.लि. आणि चिमूटभर झिंक पूड दीड ते दोन तास रिफ्लक्स करा, म्हणजे वाफ कंडेन्सरमधून परत खाली पडेल अशा रीतीने उकळा. गरम असतानाच 100 मि.लि. बर्फाच्या पाण्यात ढवळत ओता, झिंक फ्लास्कमध्येच मागे ठेवून. ही अभिक्रिया समतोलाची आहे, पाणी तयार होतं आणि उलट जाऊ शकते. म्हणून आम्ल जवळजवळ पाचपट. झिंकचं काम ॲनिलिनचं ऑक्सिडेशन रोखणं एवढंच. चमचाभर टाकलं तर ओतताना पांढरं झिंक हायड्रॉक्साइड उत्पादनात मिसळतं. वेळ जास्त लागतो, पण नियंत्रित रसायन टळतं आणि पदार्थ तोच. कॉलेजच्या मोठ्या बॅचला आम्ही हीच पद्धत सुचवू.

पुढे काय

ॲसिटिल गट नायट्रोजनची इलेक्ट्रॉनजोडी थोडी आपल्याकडे ओढतो, म्हणून रिंगचा उतावीळपणा कमी होतो, आणि आकाराने मोठा असल्यामुळे ऑर्थो जागा बऱ्याच अंशी अडवतो. ॲसिटिक आम्लात ब्रोमीनने पॅरा-ब्रोमोॲसिटॅनिलाइड मिळतं, द्रवणांक साधारण 167 अंश. थंडीत नायट्रेशन केलं की पॅरा-नायट्रोॲसिटॅनिलाइड, साधारण 216 अंश. क्लोरोसल्फोनिक आम्लाने सल्फोनिल क्लोराइड होतं आणि त्यातून सल्फानिलामाइड, म्हणजे सल्फा औषधांचा रस्ता. या प्रत्येकाला वेगळी काळजी हवी. ब्रोमिनेशनमध्ये उरलेलं ॲनिलिन ट्रायब्रोमो होऊन मिसळतं. नायट्रेशनमध्ये तेच तपकिरी डांबर देतं. आणि क्लोरोसल्फोनिक आम्लाच्या बाबतीत तर ओलं ॲसिटॅनिलाइड धोक्याचं आहे, कारण ते आम्ल पाण्याशी स्फोटक जोराने भिडतं आणि हायड्रोजन क्लोराइडचे लोट येतात. तिथे "जवळजवळ वाळलंय" चालत नाही.

हे संयुग स्वतःही एकेकाळी औषध होतं. 1886 मध्ये कान आणि हेप या दोन डॉक्टरांनी त्याचा ताप उतरवण्याचा गुण नोंदवला आणि ते ॲन्टिफेब्रिन नावाने विकलं गेलं. त्याने रुग्ण निळे पडत. 1948 मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं की शरीरात त्याचं बहुतांश पॅरासिटामॉल होतं, आणि खरा गुण त्याचाच आहे. निळेपणा येतो तो वेगळ्या वाटेने तयार होणाऱ्या ॲनिलिनमुळे. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या स्फटिकांना चव घेऊन बघायची नाही, हे यासाठीही.

आवराआवर

गाळलेल्या पाण्यात ॲसिटिक आम्ल, क्षार आणि थोडं ॲनिलिन असतं. ते बेसिनमध्ये न ओतता सेंद्रिय मिश्रित पाण्याच्या वेस्ट कॅनमध्ये. ॲनिलिन लागलेले मोजे, कागद आणि चारकोल झाकणाच्या डब्यात. ॲनहायड्राइडचं मोजपात्र धुण्याआधी फ्यूम हूडमध्ये थोड्या पाण्याने भरून ठेवा, अभिक्रिया शांत झाल्यावर धुवा. शुद्ध ॲसिटॅनिलाइड घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि चिठ्ठीवर नाव, वजन, मेल्टिंग पॉइंट आणि तारीख लिहा.